दूरच्या श्रोत्यांसाठी दिवाळी पहाट

दिवाळी पहाटेची मैफल सभागृहात किंवा मैदानावर जमलेल्या रसिकांपुरती न ठेवता ती त्याच वेळी इंटरनेटवरून घरोघरी पोहोचवायची, असे एकदा ठरले की आयोजनाचे स्वरूप मुळातून बदलते. नेहमीच्या तयारीत कॅमेऱ्यांची आणि इंटरनेटच्या जोडणीची भर घातली की काम भागले, असे अनेक मंडळे धरून चालतात, आणि थेट प्रक्षेपणात आढळणारे बरेचसे दोष या समजुतीतूनच निर्माण होतात. समोर बसलेल्या श्रोत्याला एखादी जागा नीट ऐकू आली नाही तरी गायकाची मुद्रा, तबलावादकाचा हात आणि आजूबाजूच्यांच्या माना यांच्या आधाराने तो मैफलीचा धागा सांभाळतो. दूरच्या श्रोत्याजवळ मात्र सहा इंचांचा पडदा आणि फोनचा लहानसा स्पीकर किंवा इअरफोन यांपलीकडे काहीच नसते. म्हणूनच अशा मैफलीचा आराखडा या दूरच्या श्रोत्याच्या हातातील फोनपासून सुरू करून मागे रंगमंचाकडे न्यावा लागतो, आणि त्या आराखड्यात चित्राआधी ध्वनीचा विचार करावा लागतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

समोर नसलेल्या श्रोत्यांसाठी गाणे ही आपल्या संगीताला नवी गोष्ट नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा रागाची मांडणी सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत बसवावी लागली. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना आकाशवाणीने १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ मध्ये रेडिओ संगीत संमेलन सुरू केले. संमेलनाच्या मैफली निमंत्रित श्रोत्यांसमोर होत असल्याने समोरचा आणि रेडिओजवळचा असे दोन श्रोतृवर्ग सांभाळण्याचा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला प्रसारित झालेल्या गीतरामायणाच्या ५६ गीतांनी तर ठरलेल्या वेळी रेडिओभोवती जमणारा मोठा श्रोतृसमुदाय महाराष्ट्रात घडवला. इंटरनेटवरील थेट मैफलीचा आरंभ २४ जून १९९३ चा मानला जातो. त्या दिवशी अमेरिकेतील पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून संगणकतज्ज्ञांच्याच ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ या वाद्यवृंदाचा कार्यक्रम प्रक्षेपित झाला. बर्लिन फिलहार्मोनिकने २००८ मध्ये आपले डिजिटल सभागृह उघडले, आणि त्या सिद्धतेमुळेच १२ मार्च २०२० रोजी महासाथीमुळे सभागृह श्रोत्यांना बंद झाले असतानाही सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली रिकाम्या खुर्च्यांसमोर झालेला बेरियो आणि बार्टोक यांच्या रचनांचा कार्यक्रम जगभर थेट ऐकता आला. त्यानंतरच्या वर्षभरात जगातील असंख्य संस्थांनी जे घाईघाईने उभारले, त्याची तेथे बारा वर्षांची तयारी होती, आणि हा फरक ऐकताना जाणवत होता.

आराखड्यातील पहिला निर्णय वेळेचा असतो, आणि दिवाळी पहाटेच्या बाबतीत तो वाटतो त्याहून नाजूक आहे. पहाटे साडेपाचला पुण्यात सुरू होणारी मैफल मेलबर्नमधील मराठी कुटुंबाकडे सकाळी अकराला, सिंगापूरला आठला आणि दुबईला पहाटे चारला पोहोचते. युरोप-अमेरिकेतील घड्याळे हिवाळ्यासाठी एक तास मागे नेली जातात ती ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नेमकी दिवाळीच्या आसपास. २०२५ मध्ये नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला असल्याने पुण्यातील साडेपाच म्हणजे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे आठ आणि लंडनमध्ये रात्रीचा एक होता. दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली की तीच वेळ अनुक्रमे संध्याकाळचे सात आणि मध्यरात्रीचे बारा अशी होते. मागच्या वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेवरील वेळा तशाच उतरवल्या तर परदेशातील श्रोता तासभर चुकतो. रागसमयाचे संकेत मानणाऱ्या संगीतात याचा एक खोल परिणाम असा की ललत किंवा तोडी यांसारखे प्रातःकालीन राग न्यू जर्सीतील श्रोता दिवेलागणीनंतर ऐकत असतो. काही जाणकारांना हे खटकते; परंतु मैफलीचा काळ गायकाच्या आकाशावरून ठरतो, श्रोत्याच्या घड्याळावरून नव्हे, अशी भूमिका आयोजकांनी घ्यावी आणि परदेशातील श्रोत्यांच्या सोयीसाठी पहाटेची मैफल सरकवू नये, हेच योग्य. सोयीसाठी दुसरा मार्ग उपलब्ध असतो: बहुतेक प्रक्षेपणमंचांवर कार्यक्रम चालू असतानाच मागे जाऊन सुरुवातीपासून पाहता येतो, त्यामुळे अभ्यंगस्नान आटोपून सातला फराळाला बसलेले घरही पहिल्या रागापासून ऐकू शकते.

गायकाच्या मुखातून निघालेला स्वर श्रोत्यापर्यंत कसा जातो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय घेता येत नाहीत. मायक्रोफोनमधून आलेला संकेत प्रथम मिक्सरवर, म्हणजे अनेक मायक्रोफोनचे आवाज कमीजास्त करून एकत्र करणाऱ्या यंत्रावर जातो; तेथून तो कॅमेऱ्याच्या चित्रासह एन्कोडरकडे, म्हणजे ध्वनी आणि चित्र यांचा आकार घटवून ते इंटरनेटवर धाडण्याजोगे करणाऱ्या यंत्राकडे किंवा संगणकप्रणालीकडे पोहोचतो. ‘ओबीएस’सारखी मोफत प्रणाली हे काम साध्या लॅपटॉपवरही करते. प्रक्षेपणमंचाकडे पोहोचल्यावर या प्रवाहाचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या आणि आज सर्वत्र रुळलेल्या पद्धतीत सहा सेकंदांचा तुकडा प्रमाण धरला जातो. हे तुकडे जगभर विखुरलेल्या साठवण-संगणकांवर ठेवले जातात आणि श्रोत्याचा फोन जवळच्या संगणकावरून ते एकामागून एक उचलतो. फोन साधारण तीन तुकडे हाताशी ठेवूनच चित्र सुरू करतो, जेणेकरून नेट क्षणभर अडखळले तरी गाणे थांबू नये. या सगळ्यामुळे प्रत्यक्ष मैफल आणि दूरच्या श्रोत्याची मैफल यांत वीस ते तीस सेकंदांचे अंतर पडते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरताना इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक होते, म्हणजे वितरणाची बाजू किती भार पेलू शकते हे सिद्धच आहे. मंडळाच्या मैफलीत तुटतो तो सभागृहापासून प्रक्षेपणमंचापर्यंतचा पहिला टप्पा, आणि तोच आयोजकांच्या हातात असतो.

अंतराच्या या वीस-तीस सेकंदांचा अर्थ संगीताच्या परिमाणात मोजून पाहण्याजोगा आहे. अतिविलंबित एकतालात मिनिटाला बारा ते पंधरा मात्रा धरल्या तर बारा मात्रांचे एक आवर्तन ४८ ते ६० सेकंदांचे होते. गायकाने समेवर आणलेला मुखडा दूरचा श्रोता पंचवीस सेकंदांनी ऐकतो, दोन-चार सेकंदांत ‘वा!’ असे लिहितो, आणि ते शब्द गायकासमोरच्या पडद्यावर उमटतात तेव्हा निम्मे आवर्तन उलटून तो पुढच्या बढतीत गुंतलेला असतो. दाद ही आपल्या मैफलीत रचनेचाच भाग असते, कारण तिच्यावरून कलावंत एखादी जागा पुन्हा घेतो, वाढवतो किंवा सोडून देतो. उशिरा आलेली दाद हे काम करू शकत नाही आणि उलट लक्ष विचलित करते. म्हणून लिखित प्रतिक्रियांचा पडदा कलावंतासमोर ठेवू नये. प्रतिक्रिया पाहणारी एक जबाबदार व्यक्ती नेमावी, तिने निवडक अभिप्राय दोन रागांच्या मधल्या वेळात निवेदकाकडे द्यावेत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शक्य असेल तर रंगमंचासमोर पंधरा-वीस का होईना, कान तयार असलेले श्रोते बसवावेत. पूर्णपणे रिकाम्या दालनातील गायन आणि मोजक्या जाणत्यांसमोरचे गायन यांतील फरक दूरच्या श्रोत्यालाही कळतो.

निरनिराळ्या गावी बसलेल्या कलावंतांची संगत इंटरनेटवरून थेट घडवावी, ही कल्पनाही वारंवार पुढे येते. तिची मर्यादा मात्र भौतिकशास्त्राने घातलेली आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, म्हणजे दहा मीटर अंतरावरील वादकाचा ठोका सुमारे ३० सहस्रांश सेकंदांनी ऐकू येतो, आणि त्याहून अधिक विलंब झाला की लय धरून एकत्र वाजवणे कठीण होऊ लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते न्यू जर्सी हे सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचे अंतर सरळ रेषेत तार टाकली तरी कापायला साठ सहस्रांश सेकंदांहून अधिक लागतात, आणि समुद्रतळाच्या प्रत्यक्ष तारा याहून लांब वळसे घेतात. द्रुत त्रितालात मिनिटाला ३०० मात्रा असतील तर एक मात्रा २०० सहस्रांश सेकंदांची होते, म्हणजे जवळजवळ तृतीयांश मात्रेचा फरक जाताच पडतो आणि तेवढाच परत येताना. कोणतेही यंत्र हा फरक पुसू शकत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २५ एप्रिल २०२० रोजी चाळीसहून अधिक गायकांचा घरोघरीहून थेट कार्यक्रम केला तेव्हा वाद्यवृंद आणि वृंदगान यांचे भाग आधी वेगवेगळे मुद्रित करून जोडले होते, आणि एरिक व्हिटेकर यांच्या २०१० च्या गाजलेल्या वृंदगानातील १२ देशांमधील १८५ आवाजही असेच नंतर एकत्र आणलेले होते. पुणे आणि मुंबई यांच्यासारख्या जवळच्या गावांमध्ये खास कमी विलंबाच्या प्रणालींनी संगत साधता येते. इतर वेळी गायक आणि साथीदार एकाच रंगमंचावर असावेत, हा नियम मोडू नये.

ध्वनीच्या बाजूला सर्वाधिक वेळ द्यावा लागतो आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी मिळतो. सभागृहात तबल्याचा स्वतःचा नाद मोठा असल्याने ध्वनितंत्रज्ञ कर्ण्यांकडे तबला अगदी थोडा सोडतो आणि गायकाचा आवाज मोठा ठेवतो. हाच मिलाफ मिक्सरवरून थेट प्रक्षेपणाला दिला तर दूरच्या श्रोत्याला तबला कुठेतरी मागे, शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखा ऐकू येतो, गायकाचा आवाज कोरडा लागतो आणि समोरच्या श्रोत्यांची दाद तर येतच नाही. यावर उपाय एकच: प्रक्षेपणासाठी स्वतंत्र मिलाफ, त्यासाठी स्वतंत्र तंत्रज्ञ आणि सभागृहाकडे तोंड करून लावलेले दोन मायक्रोफोन, ज्यांतून दालनाचा घुमारा आणि दाद किंचित मिसळता येईल. या तंत्रज्ञाने आपले काम उत्तम हेडफोनवर करावे आणि दर थोड्या वेळाने साध्या फोनच्या स्पीकरवर पडताळावे, कारण फोनचे स्पीकर सुमारे दोनशे हर्ट्झखालचे नाद फारच क्षीण वाजवतात आणि बायाची मींड तेथे हरवते.

तानपुऱ्याचे उदाहरण या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगे आहे. बैठकांसाठी बनवलेल्या व्हिडिओ-संवादाच्या प्रणाली माणसाचे बोलणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून घडवलेल्या असतात. जो आवाज अखंड आणि एकसारखा चालतो तो पंखा किंवा वातानुकूलन यंत्राचा आहे, असे समजून त्या तो दाबून टाकतात. तानपुरा अखंड चालतो, हेच तर त्याचे काम. त्यामुळे अशा प्रणालीतून तो काही सेकंदांतच विरून जातो, गायक बोलला की क्षणभर उमटतो आणि पुन्हा नाहीसा होतो. लांबवलेल्या षड्जाचेही असेच तुकडे पडतात. शिवाय या प्रणाली हलका आवाज आपोआप उचलतात आणि मोठा दाबतात, त्यामुळे आलापातील मंद्र स्वराबरोबर श्वासही मोठा होतो आणि तार षड्जाची झेप सपाट होते. म्हणजे जिच्यात गाण्याचा जीव आहे ती लहान-मोठ्याची श्रेणीच नष्ट होते. झूमसारख्या प्रणालीत मूळ ध्वनी तसाच पाठवण्याचा पर्याय पुढे उपलब्ध झाला. तो निवडला नाही तर महागडा मायक्रोफोनही उपयोगी पडत नाही. दूरस्थ पद्धतीने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढीला सुरांचा आधार तुटक ऐकावा लागला, ही गोष्ट शिक्षकांनी आणि आयोजकांनी गांभीर्याने घ्यायला हवी होती.

ध्वनी आणि चित्र यांचा मेळ हा त्याच कामाचा दुसरा भाग. चित्रावरील प्रक्रियेला ध्वनीपेक्षा अधिक वेळ लागत असल्याने न जुळवलेल्या प्रक्षेपणात बोल आधी ऐकू येतो आणि हात नंतर पडताना दिसतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या ४५ सहस्रांश सेकंद पुढे गेला की माणसाला ते जाणवू लागते, मागे राहिला तर मात्र १२५ सहस्रांशांपर्यंत खपून जाते. सेकंदाला २५ चौकटी असतील तर एक चौकट ४० सहस्रांशांची असते, म्हणून ध्वनी दोन-तीन चौकटींनी मुद्दाम मागे ठेवावा लागतो. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून ते मुद्रण पाहिले की नेमका आकडा कळतो. उघड्यावरील मैफलीत पणत्यांच्या उजेडात सुरू झालेले चित्र सूर्योदयानंतर पार बदलते, म्हणून कॅमेऱ्याचा उजेड आपोआप ठरू न देता एका माणसाने तो हळूहळू हाताने बदलत न्यावा. चित्राबद्दल याहून अधिक चिंता करण्याचे कारण नाही. दोन स्थिर कॅमेरे आणि संयमाने केलेली अदलाबदल पुरते.

श्रोत्याच्या खर्चाचा हिशेब मात्र आयोजक क्वचितच करतात. मध्यम दर्जाच्या चित्राला सेकंदाला अडीच मेगाबिट लागतात असे धरले तर तीन तासांच्या मैफलीला जवळजवळ साडेतीन जीबी डेटा लागतो. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या फोनवर ती निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. सेकंदाला एक मेगाबिट लागणारे हलके चित्र निवडल्यासही दिवसाचा बहुतेक डेटा संपतो. याउलट सेकंदाला १२८ किलोबिट दराचा केवळ ध्वनी तीन तासांत १७५ एमबीच्या आत भागतो आणि तोही स्वच्छ ऐकू येतो. गडचिरोलीतील किंवा कोकणातल्या एखाद्या वाडीतील श्रोत्याला मैफलीत सामावून घ्यायचे असेल, तर केवळ ध्वनीचा स्वतंत्र दुवा निमंत्रणात ठळकपणे दिला पाहिजे. हे काम तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे, त्याला फारसा खर्च येत नाही, आणि तरीही ते होत नाही, याची खंत वाटते.

प्रक्षेपणाच्या दिवशीचे संचालन हे बऱ्याच अंशी बिघाडांच्या पूर्वतयारीचे काम असते. पूर्ण दर्जाच्या चित्रासाठी सेकंदाला पाच मेगाबिट पाठवायचे असतील तर पाठवण्याची क्षमता किमान दहाची असावी, ती मोजताना डाउनलोडचा नव्हे तर अपलोडचा वेग पाहावा, आणि ही चाचणी आदल्या दिवशी दुपारी न करता पहाटे साडेपाचलाच करावी. मुख्य जोडणीबरोबर दुसऱ्या कंपनीची मोबाइल जोडणी तयार ठेवावी. सभागृहात हजारभर फोन असतील तर तिचाही वेग मंदावतो, हे लक्षात घ्यावे. यूट्यूबसारखे मंच मुख्य प्रवाहासोबत दुसरा राखीव प्रवाह स्वीकारतात, तेव्हा दोन एन्कोडर दोन जोडण्यांवर चालवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. एन्कोडर, राउटर आणि मिक्सर यांना यूपीएसचा आधार हवा, कारण वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत राउटर बंद पडला तर तो पुन्हा उभा राहायला काही मिनिटे जातात. नव्या खात्यावर थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो, ही साधी बाब अनेकांना आदल्या रात्री कळते. प्रक्षेपण तुटलेच, तर श्रोत्याला कोणता संदेश दिसेल, तो कोण लावील आणि निवेदकाला खूण कोण करील, हे कागदावर लिहिलेले असावे. त्या कागदावर मिनिटांपेक्षा नावे महत्त्वाची. गायकाला मात्र काहीही सांगू नये. समोरची मैफल चालू राहिली पाहिजे.

कायद्याची बाजू दिवाळी पहाटेत विशेष गुंतागुंतीची होते, कारण रागगायनाबरोबर नाट्यगीते, भावगीते आणि अभंगही गायले जातात. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ नुसार गीत आणि स्वररचना यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये आणि गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये निवर्तले असल्याने ‘मानापमान’ची पदे आज मुक्तपणे गाता येतात, परंतु ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये आणि सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यामुळे गीतरामायणाच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालींवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत कायम राहतो आणि त्याच्या प्रक्षेपणासाठी परवाना घ्यावा लागतो. सभागृहातील सादरीकरणासाठी घेतलेली परवानगी इंटरनेटवरील प्रक्षेपणाला आपोआप लागू होत नाही. शिवाय मंचांवरील स्वयंचलित ओळखयंत्रणा चालू गाण्याची तुलना जुन्या ध्वनिमुद्रणांशी करते आणि जुळणी वाटल्यास प्रक्षेपण थांबवू शकते. पारंपरिक बंदिशीलाही असा चुकीचा आक्षेप येऊ शकतो, म्हणून गाण्यांची यादी आणि परवाने हाताशी असावेत.

देणग्यांचा प्रश्नही याच टप्प्यावर येतो. पडद्यावर क्यूआर कोड दाखवून मदतीचे आवाहन करणाऱ्या न्यासांनी हे जाणून घेतले पाहिजे की परकीय नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची देणगी, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, विदेशी अंशदान विनियमन अधिनियम, २०१० खाली येते आणि त्या कायद्याखालील नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती घेता येत नाही; भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून दिलेल्या रकमेला हा निर्बंध नाही. तिकीट हा सेवेचा मोबदला असल्याने तिकीट लावलेली मैफल या दृष्टीने अधिक सरळ असते, आणि एरवीही तिकीट लावणे हेच न्याय्य, कारण फुकट प्रक्षेपणाची सवय झाली की पहिली कात्री साथीदारांच्या मानधनाला लागते.

कलावंतांशी होणारा करार सर्वांत शेवटी आणि बहुधा तोंडीच उरकला जातो. सादरकर्त्याच्या हक्काला भारतीय कायद्याने ५० वर्षांचे संरक्षण दिले आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या सादरीकरणाचे मुद्रण करू देणे, ते लोकांपर्यंत पोहोचवू देणे यांविषयीचा हक्क स्पष्टपणे कलावंताचा ठरला आहे. हा हक्क मुख्य गायकाइतकाच तबलावादकाचा, संवादिनीवादकाचा आणि मागे बसून तानपुऱ्यावर स्वर देणाऱ्या शिष्येचाही आहे. थेट प्रक्षेपणाला दिलेली संमती म्हणजे मुद्रण वर्षानुवर्षे वाहिनीवर ठेवण्याची संमती नव्हे. यूट्यूबवर बारा तासांच्या आतील प्रक्षेपण आपोआप जतन होत असल्याने ते किती दिवस राहील, त्यातील तुकडे वेगळे काढता येतील का, उत्पन्न आले तर त्याचा वाटा कोणाला किती, आणि एखाद्या दिवशी आवाज लागला नाही तर ते काढून टाकण्याचा अधिकार गायकाला असेल का, या चार गोष्टी मानधनाच्या आकड्यासोबत एकाच कागदावर लिहून त्यावर रंगमंचावरील प्रत्येकाची सही तालमीच्या दिवशीच घेतली गेली पाहिजे.